नववीच्या इंग्रजीसाठी फिगर्स ऑफ स्पीच आणि ग्रामर: कोणतं पुस्तक, कशी सुरुवात?

मानेवाडा_पालक
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. गणित-विज्ञानाची काळजी नाही, पण इंग्रजीत कवितेचं ॲप्रिसिएशन आलं की अडते. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन यांच्या व्याख्या घडाघडा म्हणते, पण नवी ओळ समोर ठेवली की गप्प. ग्रामरमध्ये फ्रेज आणि क्लॉज, जेरंड आणि पार्टिसिपल यांत गोंधळ होतो. क्लास लावायचा नाही, संध्याकाळी मी स्वतः घेऊन बसते. पुस्तक सुचवा आणि सुरुवात कुठून करू तेही सांगा. नागपुरात बर्डीवर किंवा महालात मिळेल असं असेल तर उत्तम.

त्रिमूर्तीनगर
ताई, आधी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवून घ्या. नववीसोबत दहावीचंही घ्या. कवितेखालच्या कृती सोडवल्या की परीक्षेत काय विचारतात ते कळतं. आमच्या मुलानं बाहेरचं गाइड घेतलंच नाही.

जुना_महालकर
आमच्या पिढीनं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली. एक वाक्य मराठीतून इंग्रजीत, एक इंग्रजीतून मराठीत. आजही रोज पाच वाक्यं करून घेतली तर वाक्याचा सांगाडा पक्का होतो. अलंकारांसाठी मात्र तिचा उपयोग नाही.

इंग्रजी_शिक्षिका_नागपूर
ताई, नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकं दोन पुरेत. रेमंड मर्फी यांचं केंब्रिजचं ग्रामर: डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर सराव, उत्तरं मागे. मुलीला एकटीनं करता येतं. दुसरं रेन अँड मार्टिन. हे पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, मुलं कंटाळतात. अडलं की उघडायचं पुस्तक आहे ते. उत्तरांची की वेगळी विकत मिळते, ती मागायला विसरू नका. दोन्ही बर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारून बघा, मर्फीची आधीची आवृत्ती मिळाली तरी चालेल. मर्फीत अलंकार नाहीत. रेन अँड मार्टिनमध्ये फिगर्स ऑफ स्पीचचं एक प्रकरण आहे आणि त्यात त्यांचे गट पाडलेत: साम्यावर उभे असलेले, विरोधावर उभे असलेले, असे. तेवढं एक प्रकरण मुलीसोबत नक्की वाचा. सुट्या नावांची यादी पाठ करण्यापेक्षा गट लवकर डोक्यात बसतात.

आता तिची खरी अडचण. व्याख्या येते आणि ओळ ओळखता येत नाही, कारण प्रत्येक अलंकार तिनं वेगळ्या उदाहरणावर पाठ केलाय. विषय एकच धरा आणि तिच्याकडूनच वाक्यं बनवून घ्या. मी वर्गात मे महिन्यातली आपली लू घेते. 'द विंड वॉज लाइक अ फर्नेस' ही सिमिली. 'लाइक' काढून 'द विंड वॉज अ फर्नेस' म्हटलं की मेटाफर. 'द विंड वॉक्ड इन विदाउट नॉकिंग' हे पर्सॉनिफिकेशन, दार न वाजवता घरात शिरणारी बाई किंवा माणूसच झाली ती. तिच्याशीच बोललो, 'ओ विंड, लीव्ह अस अलोन', तर अपॉस्ट्रॉफी. 'द होल सिटी मेल्टेड' म्हणजे हायपरबोली. आणि 'अ स्लीपलेस नाइट' म्हटलं तर ट्रान्सफर्ड एपिथेट, कारण झोप रात्रीला नाही, माणसाला आली नाही. विशेषण माणसावरून उचलून रात्रीला लावलं.

प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारा: या ओळीनं काय साधलं? 'लू दार न वाजवता आली' यात ती नकोशी आहे आणि तिला अडवता येत नाही, दोन्ही एका फटक्यात कळतं. हे एक वाक्य लिहिता आलं की ॲप्रिसिएशन जमलंच म्हणून समजा. नुसतं नाव लिहून पुढे जाणारी मुलं मला फार दिसतात, आणि वाईट वाटतं, कारण कविता त्यांना समजलेली असते.

फसव्या जागाही सांगून ठेवते. 'लाइक' दिसलं की सिमिली असं नाही. 'शी लाइक्स द रेन' मध्ये ते क्रियापद आहे. 'ही लुक्स लाइक हिज फादर' ही साधी तुलना आहे, मुलगा आणि बाप एकाच जातीचे. सिमिलीत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात. अलिटरेशन अक्षराचं नसतं, ध्वनीचं असतं: 'सिटी' आणि 'सन' चालतील, पण 'सिटी' आणि 'कॅट' नाही, जरी दोन्हींचं स्पेलिंग एकाच अक्षरानं सुरू होत असलं तरी. राइम स्कीमलाही तेच, डोळ्यांनी बघू नका, मोठ्यानं वाचा. 'कम' आणि 'होम' कागदावर जुळतात, कानाला नाही.

मानेवाडा_पालक
मॅडम, किती छान सांगितलंत. लूवर आजच बसवते तिला. आणि ग्रामरचं कुठून सुरू करू?

इंग्रजी_शिक्षिका_नागपूर
क्रियापदापासून. कोणतंही वाक्य दिलं की आधी काळ दाखवणारं क्रियापद अधोरेखित करायला लावा. कर्ता आणि असं क्रियापद दोन्ही असतील तर क्लॉज, नाहीतर फ्रेज. 'आफ्टर द मॅच' ही फ्रेज, 'आफ्टर द मॅच एंडेड' हा क्लॉज. जेरंडचं काम नामाचं: 'रनिंग इज गुड एक्झरसाइज' मध्ये 'रनिंग' काढून 'इट' घाला, वाक्य टिकतं. 'अ रनिंग टॅप' मध्ये टिकत नाही, तिथे ते विशेषण आहे, म्हणून पार्टिसिपल. पॅसिव्ह करण्याआधी कर्म शोधा. 'द बेबी स्लेप्ट' ला कर्मच नाही, पॅसिव्ह होणार कसं?

काळ शिकवताना आपल्या नागपुरी बोलीचा चांगला आधार मिळतो. 'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत जाऊन राहिलो' यातला फरक मुलांच्या कानात आधीपासून आहे. पहिला सिंपल प्रेझेंट, दुसरा कंटिन्युअस. फक्त एका ठिकाणी सांभाळा. आपण 'समजून राहिलं का?' असं सहज म्हणतो, त्यावरून मुलं 'आर यू अंडरस्टँडिंग?' लिहितात. 'नो', 'अंडरस्टँड', 'बिलीव्ह', 'बिलाँग' ही क्रियापदं इंग्रजीत एरवी कंटिन्युअसमध्ये जात नाहीत. मर्फीत यावर स्वतंत्र पाठ आहे, तो लवकर घ्या.

बुटीबोरी_दहावी
मॅडम, मी दहावीत आहे. अँटिथेसिस आणि ऑक्सिमोरॉन दोन्हींत विरोधी शब्द असतात, मग ओळखायचं कसं?

इंग्रजी_शिक्षिका_नागपूर
बाळा, विरोधी शब्द एकमेकांना चिकटून, एकच कल्पना सांगत असतील तर ऑक्सिमोरॉन, जसं 'ओपन सिक्रेट'. वाक्याचे दोन भाग समोरासमोर तोलून ठेवले असतील तर अँटिथेसिस: 'मॅन प्रपोजेस, गॉड डिस्पोजेस'. उत्तरात दोन्ही विरोधी शब्द लिहून दाखव, नुसतं नाव लिहू नकोस.

जुना_महालकर
मॅडम, ताईंच्या मुलीसाठी विचारतो, रोज किती वेळ द्यावा?

इंग्रजी_शिक्षिका_नागपूर
काका, अर्धा तास खूप झाला. आधी एक कडवं मोठ्यानं वाचायचं, मग मर्फीचा एक पाठ. रविवारी नवा पाठ नको, आठवड्यात चुकलेली वाक्यं पुन्हा लिहायला द्या.