उलटी गंमत: मंदाकिनी फाळके

सुरुवातीच्या मूकपटांत बायकांची कामंही बहुधा पुरुषच करायचे. नट अण्णा साळुंके तर 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही! पण याची उलटी गंमतही दादासाहेब फाळक्यांच्या घरातच आहे. १९१९च्या 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे त्यांची लेक मंदाकिनी. वय साधारण सात. त्याआधी 'श्रीकृष्ण जन्म'मध्येही कृष्ण तीच. थोरला भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला होता, म्हणजे घरचीच कंपनी म्हणा ना.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग सुदैवाने टिकलाय. कालियाशी झुंज आहेच, पण मला त्याची सुरुवात जास्त आवडते. कथा सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यासमोर नुसती ती मुलगी, अगदी जवळून. हसते, रागावते, रडवेली होते. भुवया काय, ओठ काय, एकेक भाव सावकाश बदलतो. आणि मग बघता बघता तिचाच कृष्ण होतो. म्हणजे देव दाखवण्याआधी फाळके आपल्याला नटी दाखवतात. पोरीचं कौतुक असणारच बापाला, पण ते कौतुक फुकट नाही, हे तो तुकडा पाहिल्यावर पटतं.