जागरण बंद कर आधी

वर तू लिहिलंयस की एंड-सेमला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, बारा दिवस उरलेत, रोज पहाटे ४ पर्यंत जागतोयस आणि तरी सकाळी काही आठवत नाही. अरे आठवणार कसं, दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेतच, ती कापलीस की केलेला अभ्यासही वाया. मी पण पुणे विद्यापीठाचाच, २०१९ पॅटर्न (त्या वर्षीचा अभ्यासक्रम), मेकॅनिकल इंजिनिअरिंग. एम-थ्रीच्या (इंजिनिअरिंग मॅथ्स ३) पेपरच्या आदल्या रात्री अजिबात झोपलो नव्हतो, व्हेक्टर कॅल्क्युलसचं तीनदा सोडवलेलं गणित पेपरात समोर होतं आणि पहिली स्टेपच सुचेना, पेन धरलेला हात थरथरत होता. ती भीती अजून आठवते, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आमच्या पॅटर्नला पेपर ७० मार्कांचा होता, युनिट ३ ते ६, बहुतेक विषयांत प्रत्येक युनिटवर दोनातला एकच प्रश्न सोडवायचा. तुझा पॅटर्न कुठला ते बघ, मग नवीन पीडीएफ गोळा करणं थांबव आणि जुने पेपर अडीच तासांचं घड्याळ लावून हाताने लिही, नुसतं वाचून गणितं येत नाहीत रे.

चहा संध्याकाळी ५ नंतर नको, त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास जातात. मेस बंद असेल तर वडापाववर दिवस काढू नकोस, फुटाणे, गूळ, केळी रूमवर ठेव, मे महिन्याचं ऊन आहे, ताक पीत जा. आणि फारच एकटं वाटलं तर अभ्यासिकेत जाऊन बस, शेजारी कोणी मान खाली घालून लिहितंय हे बघून पण हुरूप येतो. कुठला विषय अडलाय ते सांग, माझ्या वह्या अजून आहेत, फोटो पाठवतो.