‘ऑफ’ : तुमच्या वाट्याला कोणता आला?

मधली सुट्टी
मूड ऑफ, फोन स्विच ऑफ, आज वीकली ऑफ. मराठीत आपण ‘ऑफ’ला केव्हाच घरात घेतलंय, पण बहुतेक एकाच कामाला जुंपलंय: बंद. इंग्रजीत मात्र हा क्रियापदाच्या मागे लागला की काय करील याचा नेम नाही. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो आणि अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे कोकलायला लागतो. विमान टेक ऑफ करतं तेव्हा काही बंद होत नसतं (झालं तर पंचाईत). नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. याद्या पाठ करून घेतल्या तर त्या पेपरापुरत्या टिकतात. म्हणून हा धागा. नेटवरच्या याद्या कृपया नकोत. तुमच्या घरात, कामात शिरलेला एखादा ‘ऑफ’ सांगा.

पासबुक
ग्रामीण शाखेत बरीच वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. आमचा ऑफ म्हणजे ‘राइट ऑफ’. ‘बँकांनी इतक्या कोटींची कर्जं राइट ऑफ केली’ अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी हजर: “साहेब, मोठ्यांची माफ केलीत, आमची कधी?” रागाचं कारण समजतं, पण या दोन वेगळ्या गोष्टी. माफीत, म्हणजे २०१७ ची शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा फुले कर्जमुक्ती यांत, पैसे सरकार भरतं आणि कर्जदार तेवढ्यापुरता मोकळा होतो. राइट ऑफमध्ये बँक बुडीत कर्जासाठी तरतूद करून ते फक्त ताळेबंदातून काढते. कर्जदार देणेकरी राहतोच; नोटिसा, दावे, वसुली सगळं चालू. कागदोपत्री मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही, म्हणून मी सरळ सांगायचो, “काका, आमच्या वहीतून गेलं, तुमच्या डोक्यावरून नाही.”

जनरल शिफ्ट
भोसरीत कारखान्यात होतो. ‘ले ऑफ दिला’ म्हणजे कच्चा माल नाही, ऑर्डर नाही, घरी बसा. नाव मस्टरवर राहायचं आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळायची. कायमचं काढलं तर ती रिट्रेंचमेंट, तिचं गणित वेगळं.
मुलगा अमेरिकेत, एच-वन-बी व्हिसावर. एके रात्री फोन: “बाबा, ले ऑफ झाला.” मी म्हटलं, “मग निम्मा पगार चालू असेल, जरा आराम कर.” तो म्हणाला, “बाबा, इथे मशीन परत सुरू होत नाही.” तिकडे ले ऑफ म्हणजे नोकरी गेलीच. वर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत: तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज करायचा, नाहीतर व्हिसाची दुसरी काही सोय बघायची किंवा देश सोडायचा. त्याला मिळाली नोकरी. पण त्या दोन महिन्यांत मी या शब्दाचा जितका अभ्यास केला तितका युनियनमध्ये असतानाही केला नव्हता.

मिरकरवाडा
नवरा मर्चंट नेव्हीत. आमचं कॅलेंडर दोन शब्दांवर चालतं: साइन ऑन आणि साइन ऑफ. बोटीवर चढताना करारावर सही, उतरताना सुटल्याची. ‘साइन ऑफ कधी?’ हे सासूबाई रोज विचारतात, आणि त्या इंग्रजी शाळेत कधी शिकलेल्या नाहीत. दीर पुण्यात आयटीत. त्याने एकदा आनंदाने सांगितलं, “क्लायंटचा साइन ऑफ मिळाला!” म्हणजे झालेल्या कामाला मंजुरी. सासूबाई लगेच, “मग कधी येतोस रे घरी? मासे सांगून ठेवते.”
२०२० मध्ये मात्र या शब्दाने रडवलं. बंदरं बंद, विमानं बंद. करार संपूनही जहाजांवर अडकलेल्यांचा जगभरातला आकडा चार लाखांच्या घरात गेला होता, आमचा माणूस त्यातलाच. कंपनी दर पंधरवड्याला कळवायची, ‘पुढच्या बंदरात साइन ऑफ.’ पुढचं बंदर यायचं आणि जायचं.

दोन एफ
‘बँक ऑफ महाराष्ट्र’ आणि ‘स्विच ऑफ’ यांतले दोन्ही ‘ऑफ’ आपण मराठीत सारखेच लिहितो, त्याला कॉन्व्हेंटवाले हसतात. हसू नये. जुन्या इंग्रजीत तो एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारला तो दोन एफवाला झाला, बिनजोराचा एक एफवाला राहिला. स्पेलिंगची ही वाटणी पक्की व्हायला सतरावं शतक उजाडलं. मूळ अर्थ ‘पासून, दूर’. ‘बंद’ हा पुढचा फाटा. अलार्मचं कोडं मी मुलांना असं सोडवून देतो: बंदूकही ‘गोज ऑफ’, म्हणजे अडवून धरलेला खटका सुटतो. गजराचाही सुटला.

तिसरी घंटा
आई शाळेत मराठी शिकवायची. ऑफ पिरियड म्हणजे बाई रजेवर आणि वर्गात धिंगाणा, एवढंच आम्हाला माहीत. पार्किन्सन्सचं निदान झाल्यावर काही वर्षांनी डॉक्टरांच्या तोंडून तोच शब्द आला. लेव्होडोपाच्या गोळीचा असर असतो तो काळ ‘ऑन’. तो ओसरला की ‘ऑफ पिरियड’. पाऊल जमिनीला चिकटतं, हात थरथरतो, बोलणं पुटपुटण्यावर येतं. आजार पुढे सरकतो तशी एक गोळी पुरते कमी वेळ. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली: गोळी किती वाजता, ऑफ कधी सुरू झाला, किती टिकला. औषध बदलताना त्यांना हीच वही लागते. जेवणातल्या प्रथिनांमुळे गोळी नीट शोषली जात नाही असं आईच्या बाबतीत दिसलं, म्हणून उसळ आणि गोळी यांच्यात अंतर. आईने वहीत वेळापत्रकासारखे रकाने आखलेत, लाल पेनने. पाहुणे अवेळी आले की सांगते, “बसा जरा, माझा ऑफ तास चाललाय.” आणि नातवंडांना, “करा दंगा, बाई वर्गात नाहीत.”

गल्ली क्रिकेट
सी ऑफ! आजी दादरला गाडीच्या खिडकीत दशम्यांचा डबा द्यायला यायची, तेही सी ऑफ. आणि नवा चेंडू सी ऑफ करणं म्हणजे ओपनरने तो जुना होईपर्यंत टिच्चून उभं राहणं. दोन्हींत गाडी हलेपर्यंत जागा सोडायची नाही.

लीड्सची सून
इथे इंग्लंडमध्ये दूधही ऑफ होतं, म्हणजे नासतं. अमेरिकेतली बहीण तसं म्हणत नाही, तिचं दूध ‘बॅड’ होतं. नवरा इथलाच, बाटली हुंगून “इट्स ऑफ” म्हणतो आणि सिंककडे निघतो. मी हातातून काढून घेते आणि वड्या करते.

मधली सुट्टी
लीड्सताई, वड्यांची कृती पाककृतींच्या धाग्यावर टाका. इथे फक्त ऑफ.