थाळनेर कशाने मागे पडले: लढाईने की वाट बदलल्याने?

चर्चाप्रस्ताव (शिरपूर)

तापीच्या उत्तर काठावरचे थाळनेर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी होती; आज ते शिरपूर तालुक्यातील एक गाव आहे. असे का झाले, या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, राजधानी बऱ्हाणपूरला गेली. दुसरे, फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ल्यातील शिबंदी (राखणीची फौज) कापून काढली आणि होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा याला फासावर चढवले. दोन्ही घटना खऱ्या आहेत, परंतु गाव त्यांमुळे मागे पडले हे मला पटत नाही.

बऱ्हाणपूर वसले 1400 च्या सुमारास. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1509 मध्ये, गुजरातचा महमूद बेगडा खानदेशच्या गादीचा वाद मिटवायला थाळनेरलाच आला. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना लागणारे मुक्काम लिहून ठेवले आहेत. त्यांत नवापूर, नंदुरबार यांच्यानंतर थाळनेर आणि मग चोपडा येते. म्हणजे दरबार गेला तरी मालाची वाट गावातूनच जात होती. 1818 नंतरही इथली सावकारी संपलेली नव्हती. लता मंगेशकर यांचे आजोळ थाळनेरचे, आणि त्यांचे आजोबा हरिदास लाड हे इथले नावाजलेले व्यापारी व जमीनदार होते. खरा फटका बसला तो मुंबई–आग्रा रस्त्याने शिरपूरजवळच्या सावळदे येथे तापी ओलांडली तेव्हा, आणि 1900 च्या सुमारास सुरत–जळगाव रेल्वे नदीच्या दक्षिणेकडून शिंदखेडा, अमळनेर करत निघून गेली तेव्हा. जिथे गाडा थांबेना, तिथे अडत्या तरी कशाला थांबेल?

प्रतिसाद (धुळे)

आपल्या मांडणीतील रेल्वेचा मुद्दा टिकत नाही. शहादा, शिरपूर आणि चोपडा ही तिन्ही गावे तापीच्या उत्तरेला आहेत, तिन्ही ठिकाणी आजही रेल्वे नाही, आणि तरीही ती वाढली. थाळनेरचे वेगळेपण किल्ल्यात होते. शिबंदी असली की दाणागोटा, चामडे, शस्त्रांची डागडुजी यांना गावातच गिऱ्हाईक मिळते. 1818 मध्ये किल्ल्याच्या दरवाजाशी शरणागतीची बोलणी चालू असताना काही इंग्रज अधिकारी आत शिरले, तिथे झालेल्या चकमकीत मारले गेले, आणि त्यानंतर आतले जवळजवळ सगळे लोक मारण्यात आले. हिस्लॉपच्या या कृत्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटातही झाली. त्याच वर्षी इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे धुळ्याला केले. पुढे तालुक्याची कचेरीही शिरपूरला राहिली. शिबंदी गेली, कचेरी आली नाही. अशा गावाकडे फिर्यादी, वकील, मुनीम कोणीच फिरकत नाही. म्हणून 1818 हा केवळ एका दिवसाचा रक्तपात मानणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद (चोपडा)

मला दोघांचीही सुरुवातच मान्य नाही. राजधानीशी तुलना केली तर कोणतेही शेतीचे गाव पडकेच दिसेल. थाळनेर काळ्या मातीवर जगते आहे. चिंता करायचीच तर फारुकी कबरींची करावी. त्यांतील आठ बाजूंच्या कबरीच्या बाहेरच्या दगडी भिंतींवरील कोरीव काम डोळे भरून पाहावे असे आहे, आणि खानदेशातील बहुतेक शाळांच्या सहली ते न पाहताच पुढे जातात.

प्रस्तावकाचे उत्तर

धुळ्याच्या मित्रांनी शिरपूरचे उदाहरण दिले, ते माझ्याच बाजूचे आहे. शिरपूरला रेल्वे नाही, पण आग्रा रस्ता आहे, आणि माझ्या मते तालुक्याची कचेरीही तिथे राहिली ती त्या रस्त्यामुळेच. शहाद्याची गोष्ट निराळी. तिथे सुपीक जमीन आणि पुढे सहकारी साखर कारखाना यांनी हात दिला. कबरींबाबत चोपड्याच्या मित्रांशी मी सहमत आहे, परंतु मुलांना तिथे नेताना ताव्हेर्निएचे मुक्कामही नकाशावर दाखवावेत. नाहीतर एवढी देखणी कबर या आडवाटेला कोणी आणि का बांधली, हे त्यांना कळायचे नाही.