शिकाऊ मास्तर 'वाट पाहणारा'? शब्द फोडण्याआधी कोश उघडा!

सदाशिवपेठी: काल इथे एकाने ठोकून दिलं: जर्मनीत शिकाऊ शिक्षकाला 'लेरआम्ट्सआनव्हेर्टर' म्हणतात, 'व्हार्टन' म्हणजे वाट पाहणं, म्हणून हा नोकरीची वाट पाहत ताटकळलेला. खाली सगळे खिदळतायत. अहो, 'व्हार्टन'चा जुना अर्थ लक्ष ठेवणं, राखण करणं. वॉर्डन त्याच कुळातला. वेधशाळेला 'श्टेर्नव्हार्टे' म्हणतात, तिथे काय तारे बसची वाट बघतात?

चाकणवाला: आमच्या जर्मन मशीनवर 'व्हार्टुंग' आलं की नवा पोरगा थांबायचा. सर्व्हिसिंग करायचं होतं हो!

कोशकीटक: राखणदार नुसता 'व्हेर्टर'. इथे 'आन' लागलाय. 'आनव्हार्टशाफ्ट' म्हणजे अजून हाती न आलेला, पण कायद्याने पुढे मिळायचा हक्क. वाट पाहणं आलंच की!

सदाशिवपेठी: हक्काने वाट पाहणं वेगळं, ताटकळणं वेगळं.

व्याकरणमामी: 'लेरआम्ट' आणि 'आनव्हेर्टर' यांच्या मधला 'स्' षष्ठीचा. सरळ अलुक् समास, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय न गळणारा, आपल्या तोंडीलावण्यासारखा.

कोशकीटक: मामी, तोंडीलावण्यात सप्तमी आहे. आणि 'लीबे' स्त्रीलिंगी, तिच्या षष्ठीत 'स्' येतच नाही, तरी प्रेमपत्र 'लीबेसब्रीफ'. तो नुसता सांधा.

व्याकरणमामी: 'आम्ट'च्या षष्ठीत येतो ना? मग झालं.

मराठवाड्याचा मास्तर: 'आम्ट' म्हणजे आज पद, कचेरी. मूळ केल्टिक, सीझर 'अम्बाक्टुस' लिहितो तो सरदाराच्या पदरचा माणूस. तिकडे चाकरीचं पद झालं. इकडे शिक्षकाचा शिक्षणसेवक केला. 6000 रुपयांत दिवस काढलेत मी.

सदाशिवपेठी: विषय व्युत्पत्तीचा आहे.

मराठवाड्याचा मास्तर: तीच सांगतोय. पोट भरलेलं असलं की शब्द नुसते शब्द वाटतात.

म्युनिकची वहिनी: इथेही मखमल नाही. बव्हेरियात हे शिकाऊपण 24 महिने, आणि दर्जा काय, तर 'कधीही रद्द करता येईल असा' सरकारी नोकर. गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, शिकवणारी शिकाऊ माझी शेजारीण रात्री 2 पर्यंत पाठटिपणं लिहिते, मागच्या बाकावर परीक्षक बसणार म्हणून. आणि तुमचा तो लांबलचक शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती म्हणते 'रेफ', रेफेरेन्डारियाटचं, म्हणजे या शिकाऊ काळाच्या नावाचं, लघुरूप. ते तर लॅटिन, 'अहवाल देणं' यावरून.

मराठवाड्याचा मास्तर: रद्द होणारा का होईना, नोकर तरी. आम्ही सेवक.

सदाशिवपेठी: बरं बाबा, 'वाट पाहणारा' आठ आणे बरोबर. पण ती पोस्ट बारा आणे चूकच.

कोशकीटक: वीस आणे झाले.