शेवग्याच्या पाल्याचे दाणे: बाइंडर (पूड बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) किती घालावा?

प्रश्न
वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात आमचे आयुर्वेदिक औषधांचे लहान युनिट आहे. शेवग्याच्या, म्हणजे इथल्या सरगव्याच्या, वाळल्या पाल्याची पूड इतकी फुगीर असते की ० नंबरच्या कॅप्सूलमध्ये जेमतेम २४० मिलिग्रॅम बसत असे, आणि हातमशिनीवर वजनेही सारखी येत नसत. म्हणून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात, कोरड्या वजनाच्या ८ टक्के डिंक पडेल अशा बेताने, पूड मळून १६ नंबरच्या चाळणीतून दाणे पाडले. आता ३७० मिलिग्रॅम बसते. पण कॅप्सूल किती वेळात विरघळून मोकळी होते हे पाहणाऱ्या ३७ अंशांच्या पाण्यातील चाचणीत ३० मिनिटांची मर्यादा उलटली तरी जाळीवर दाणे तसेच राहतात, कवच मात्र केव्हाच विरघळलेले असते. डिंक बदलावा की प्रमाण?

उत्तर १
आधी प्रमाण. ८ टक्के हा आकडा मला गोळीच्या हिशेबातला वाटतो. गोळीला दाबाखाली आकार धरायचा असतो. कॅप्सूलमधल्या दाण्याला फक्त चाळणीपासून कवचापर्यंत न भुगता पोहोचायचे असते. शिवाय पाल्यातील प्रथिने आणि शर्करा पाणी लागताच स्वतःच चिकटतात, त्यामुळे तुमच्या लगद्यात न मोजलेला एक बाइंडर आधीपासूनच आहे. १० ग्रॅम पूड नुसत्या पाण्यात मळून, वाळवून, दाणा चिमटीत दाबून पाहा. तो थोडा जोर लावल्यावर फुटला, तर २ टक्के डिंक पुरे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. मात्र पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ३ टक्के पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, एक कृत्रिम बाइंडर) घेतल्यास पाला फुगत नाही, दाणे कमी उष्णतेत वाळतात आणि रंगही टिकतो, कारण ओल्या पाल्याला ताप लागला की हरितद्रव्याचे फिओफायटिन होऊन पूड शेवाळी-तपकिरी दिसू लागते. अडचण दोन ठिकाणी आहे: अल्कोहोलची वाफ पेट घेते, तेव्हा साध्या ट्रे ड्रायरमध्ये हा प्रयोग करूच नये, आणि पीव्हीपी ओल ओढतो, जे आपल्याकडच्या पावसाळ्यात त्रासाचे ठरते. जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी असावे लागते. ते दाण्यांनी ओढून घेतले की कवच बोटात तडकते.
क्रॉसकारमेलोज (पाण्यात फुगून दाणा फोडणारा पदार्थ) घालणार असाल तर अर्धे मळताना आणि अर्धे दाणे वाळल्यावर घाला. मॅग्नेशियम स्टिअरेट (भरताना पूड मशिनीला चिकटू नये म्हणून घालायचे वंगण) शेवटी, दोन-तीन मिनिटांपुरतेच मिसळा. जास्त घोळल्यास दाण्यांवर त्याचा थर बसून पाणी आत शिरत नाही.

प्रश्नकर्ता
नुसत्या पाण्यानेही दाणे पडले, हे पाहून थोडी शरमच वाटली. २ टक्के डिंक आणि ३ टक्के क्रॉसकारमेलोज घेऊन घाणा काढला: १४ मिनिटांत जाळी स्वच्छ झाली, वजन ३५० वर आले. भरताना धूळ मात्र वाढली आहे, त्यामुळे ६० नंबरच्या चाळणीतून खाली पडणारी बारीक पूड वेगळी काढून पुढच्या घाण्यात मळतो आहे.