व्हॅनमधली बॅटरी सोलरवर भरत नाहीये, कंट्रोलर मात्र फुल म्हणतो

घाटवाट:
मंडळी डोकं फिरलंय. जुन्या व्हॅनच्या सीटा काढून कॅम्पर केलाय, टपावर १६५ वॅटचे दोन पॅनेल पॅरललमध्ये, ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा) आणि १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची शिशाची बॅटरी. लोड म्हणाल तर १२ व्होल्टचा फ्रिज, एक पंखा, दोन एलईडी. पावसाळ्याआधी झकास चाललं होतं. आता तारकर्लीला आलोय, गाडी मोकळ्यावर, माडाची सावलीसुद्धा नाही, तरी ११ वाजताच कंट्रोलरवर १४.४ व्होल्ट दिसतं आणि अँपिअर १४ वरून ८ वर घसरतात, म्हणजे बॅटरी भरत आली असं समजून आम्ही निवांत, आणि रात्री ११ ला फ्रिज लो व्होल्टेज दाखवून बंद. काल घेतलेलं पापलेट रात्री होमस्टेवाल्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवायला गेलो. बायको काही बोलली नाही, तेच जास्त वाईट. बॅटरी दीड वर्षाची आहे, गेली का?

बंड्या_बेळगाव:
गेली. लिथियम टाका आणि मोकळे व्हा.

तारतंत्री:
थांबा हो, लगेच कुठे खर्चात पाडताय त्यांना. घाटवाट दादा, मल्टीमीटर आहे का? भर उन्हात चार्जिंग चालू असताना आधी कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर मोजा आणि लगेच बॅटरीच्या पोलवर मोजा, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच. दोन्ही आकडे टाका. आणि मधल्या फ्यूजला हात लावून बघा, जपून.

घाटवाट:
अहो काय सांगू, कंट्रोलरवर १४.४ आणि बॅटरीवर १३.२! फ्यूज होल्डर चटका बसेल इतका गरम, प्लास्टिक एका बाजूने तपकिरी झालंय आणि आत हिरवं हिरवं साचलंय. वायर अडीच एमएमची (स्क्वेअर एमएम) आहे, जाऊन येऊन ७ मीटर भरेल.

तारतंत्री:
सापडला चोर. कंट्रोलर त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो, बॅटरीत काय पोचलं ते त्याला कळत नाही. अडीच एमएमच्या ७ मीटरमध्ये ८ अँपिअरला ०.४ व्होल्ट जातातच, उरलेले ०.८ तो सडका होल्डर खातोय, म्हणजे सहा-साडेसहा वॅटची शेगडीच की. त्यामुळे कंट्रोलरला वाटतं पोट भरलं, तो हात आखडता घेतो, आणि बॅटरी अर्धपोटी. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हे होतंच. १० एमएमची वायर घ्या, लग (वायरच्या टोकाचं कडं) क्रिम्पिंग टूलने नीट दाबून घ्या (पक्कडीने चेपू नका, हात जोडतो), फ्यूज चांगला बोल्टवाला आणि बॅटरीच्या जवळ. कंट्रोलर सरकवून बॅटरीजवळ आणता आला तर उत्तमच. आणि काम करताना आधी पॅनेल सोडवा मग बॅटरी, जोडताना उलट, नाहीतर पॅनेलचे २०-२२ व्होल्ट थेट कंट्रोलरच्या बोकांडी.

बंड्या_बेळगाव:
मान गये. माझ्या गाडीत पण अडीचचीच आहे, आत्ता जाऊन हात लावून आलो 😅

घाटवाट:
मालवणातून वायर आणली, सगळं बदललं. आज कंट्रोलरवर १४.४ तेव्हा बॅटरीवर १४.२, आणि अँपिअर दुपारी अडीचपर्यंत पडलेच नाहीत. फ्रिज पहाटे ४ पर्यंत चालला, मग परत बंद. आता काय राहिलं?

तारतंत्री:
इतके महिने अर्धी भरून ठेवलीत तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसणारच, मग बॅटरी पूर्वीइतकी भरत नाही. झाकणं उघडून पाणी बघितलंत का?

घाटवाट:
नव्हतं बघितलं 🙈 दोन सेलमध्ये प्लेटा उघड्या पडल्या होत्या. बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलंय.

तारतंत्री:
बरोबर केलंत, उरलेलं पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. तीन-चार दिवस फ्रिज बंद, मासे काकूंकडे आणि बॅटरीला नुसतं ऊन खाऊ द्या. कंट्रोलरला इक्वलायझिंग (सगळे सेल सारखे भरायला मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्जिंग) असेल तर एकदा करा, खिडक्या उघड्या ठेवून, गॅस सुटतो. मग हायड्रोमीटरने सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडचा दाटपणा, त्यावरून चार्ज कळतो) बघा, त्या दोन सेलची बाकीच्यांपेक्षा फार कमी राहिली तर मात्र बंड्याचं ऐकायची वेळ आली.

घाटवाट:
हायड्रोमीटर इथे नाही मिळाला, उद्या कुडाळला बघतो. काकूंना सुरमई देऊन आलोय.